दिवस आखडले, गारठा पडला: कोल्हापूरच्या सायकलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

दसरा झाला की कोल्हापुरात दोन गोष्टी पाठोपाठ सुरू होतात. पहाटे रंकाळ्यावर सायकलींची गर्दी वाढते, आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटायला लागतात. पावसाळाभर खुंटीला टांगलेल्या सायकली खाली उतरतात, आणि त्यांच्याबरोबर तेच ते प्रश्नही येतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात हमखास विचारले जाणारे प्रश्न इथं एकत्र केलेत.

आधीच सांगून टाकतो. आपल्याकडची थंडी ही सायकलवाल्याची मोठी अडचण नाही. अडचण आहे ती अंधाराची, आणि त्या अंधारात रस्त्यावर उतरणाऱ्या उसाची. त्यामुळे खाली कपड्यांपेक्षा लाइट आणि ट्रॉली यांवरच जास्त लिहिलंय.

अंधार नेमका किती वाजता पडतो?

जूनअखेरीस कोल्हापुरात सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो. १ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्यास्त साधारण ६:२५ ला, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सहाच्या आतबाहेर. वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त तोच. सगळ्यात लहान दिवस मात्र २१-२२ डिसेंबरचा, साधारण अकरा तासांचा.

सकाळचं गणित उलटं चालतं. सूर्योदय उशिरा उशिरा जात राहतो तो थेट जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत. तेव्हा सूर्य सातनंतर उगवतो. ‘संक्रांत झाली, दिवस मोठा व्हायला लागला’ असं म्हणत लाइट घरी ठेवून पहाटे निघणारे इथंच फसतात. दिवस मोठा होतो हे खरं, पण ती वाढ आधी संध्याकाळच्या पदरात पडते.

हे पटत नसेल तर अंबाबाईच्या किरणोत्सवाकडे बघा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ३१ जानेवारीच्या सुमारास मावळतीची किरणं गाभाऱ्यात पोचतात, कारण दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो. एकदा दक्षिणेकडे जाताना, एकदा परत येताना. पण नोव्हेंबरात तो सहाच्या सुमारास मावळतो आणि जानेवारीअखेर साडेसहाच्या आसपास. दिवसाची लांबी जवळपास तीच, घड्याळ मात्र अर्धा तास पुढं सरकलेलं. पृथ्वीचा कललेला आस आणि तिची लंबगोल कक्षा या दोन्हींमुळे असं होतं.

आणखी एक. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत खड्डा आणि सावली यांतला फरक कळेनासा होतो. घरी पोचायची वेळ सूर्यास्ताच्या हिशेबानं ठरवा, ‘अजून दिसतंय की’ या हिशेबानं नव्हे.

मग सकाळी जावं की संध्याकाळी?

नोव्हेंबरपर्यंत सकाळ बरी. साडेसहाच्या सुमारास उजाडतं, गारवा सोसवणारा असतो आणि शहराबाहेरचे रस्ते त्यातल्या त्यात मोकळे असतात. डिसेंबर-जानेवारीत कामाच्या दिवशी उजाडायची वाट बघत बसलात तर ऑफिस चुकतं, म्हणून या दोन महिन्यांत रोजचा व्यायाम दिव्यांच्या रस्त्यावर उरकावा: रंकाळ्याच्या भोवती किंवा विद्यापीठ-राजाराम तलावाच्या बाजूला. लांबची फेरी रविवारी, आणि तीही सातनंतर. पाचला उठून अंधारात हायवे गाठण्यात काय मर्दुमकी आहे ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी हायवे नकोच. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीची शिफ्ट सुटायची वेळ आणि अंधार पडायची वेळ हिवाळ्यात एकच होते.

पहाटेची हवा तरी स्वच्छ असते ना?

दरवेळी नाही. थंड, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि खालीच बसून राहते. शेकोट्या, गुऱ्हाळं, पेटवलेलं पाचट (उसाचा वाळलेला पाला), गाड्या यांचा धूर त्याच थरात अडकतो. ऊन वर येऊन जमीन तापली की मग तो उठतो. शिंगणापूर, प्रयाग चिखली या नदीकाठच्या पट्ट्यात सकाळी डोळ्यांना चुरचुर जाणवते ती यामुळेच. धुकं आणि धूर एकत्र असेल तर तासभर उशिरा निघा. दिवाळीच्या चार दिवसांत तर पहाटेची फेरी सोडून द्यावी हे उत्तम. फटाक्यांचा धूर असतोच, शिवाय रस्त्यावर बारीक तारा आणि काचा पडलेल्या असतात, त्या टायरात घुसतात.

लाइट कुठला घ्यावा? किती लुमेनचा?

लुमेन म्हणजे दिवा किती उजेड देतो त्याचं माप. आधी ठरवा, लाइट तुम्ही दिसावं म्हणून हवाय की तुम्हाला दिसावं म्हणून. शहरातल्या दिव्यांच्या रस्त्यावर पहिलं काम महत्त्वाचं. तिथं १०० लुमेनचा पुढचा दिवा पुरतो. फुलेवाडीच्या पुढं किंवा केर्लीच्या बाजूला, जिथं खांबावर दिवेच नाहीत, तिथं ४०० लुमेनच्या खाली जाऊ नका.

ताशी २५ किलोमीटर वेगात तुम्ही सेकंदाला जवळजवळ सात मीटर जाता. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दहा मीटर संपलेले असतात, आणि थांबायला आणखी पाच-सात लागतात. म्हणजे उजेड पंधरा-वीस मीटरपर्यंत पोचायला हवा. तेवढा पोचत नसेल तर वेग कमी करा. अनेकांचा दिवा मात्र आभाळाकडे तोंड करून असतो. समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात आणि तो नेमका तुमच्याच अंगावर येतो. झोत किंचित खाली झुकवा.

मागचा दिवा लाल, आणि शक्यतो दोन. एक सलग पेटणारा, एक लुकलुकणारा. लुकलुकणारा पटकन नजरेत भरतो, पण नुसत्या लुकलुकीवरून अंतराचा अंदाज बांधणं मागच्या ड्रायव्हरला अवघड जातं. दोन ठेवण्याचं दुसरं कारण साधं आहे: एक चार्ज करायचा विसरतोच. मागचा दिवा सीटखालच्या पिशवीनं किंवा लोंबत्या जर्किननं झाकला जात नाही ना, हे दुसऱ्या कुणाला तरी मागं उभं करून बघून घ्या.

मी पोपटी रंगाचं चमकणारं जॅकेट घेतलंय. तेवढं पुरेसं आहे ना?

दिवसा, हो. तो पोपटी रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो. पहाटे साडेपाचला ऊनच नसतं, तेव्हा ते जॅकेट इतर फिकट कपड्यांसारखंच एक. रात्री कामाची असते ती गाडीचा उजेड आल्या वाटेनं परत पाठवणारी चंदेरी पट्टी. जॅकेटवर ती किती आहे ते बघा. आणि एक पट्टी घोट्याला बांधा. पाठीवरची पट्टी जागच्या जागी असते, घोट्यावरची वर-खाली होते, आणि हलणारा उजेड बघून लांबूनच कळतं की पुढं कुणीतरी पायडल मारतंय.

माझी साधी सायकल आहे. शिफ्ट सुटते साडेसहाला. एवढा खर्च कशाला करू?

करू नका. खरं तर हा प्रश्न सगळ्यात वर असायला हवा होता, कारण हिवाळ्यात अंधारातून सायकल चालवणाऱ्यांत हौशी मंडळींपेक्षा तुमच्यासारखे जास्त: एमआयडीसीचे कामगार, दूधवाले, पेपर टाकणारी पोरं, क्लास सुटल्यावर गावाकडं निघालेल्या मुली. जुन्या सायकलींना टायरवर घासणारा डायनामो असायचा, तो गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

गाड्यांवर नावं टाकणाऱ्या रेडियमच्या दुकानात जा. लाल रेडियमची पट्टी मागच्या मडगार्डवर आणि कॅरिअरच्या कडेला, पांढरी पुढच्या हँडलखाली, पिवळी दोन्ही पायडलांच्या कडांना लावा. चिकटवण्याआधी तिथलं तेल-धूळ रॉकेलच्या फडक्यानं पुसून साबणानं धुऊन कोरडं करा, नाहीतर पंधरा दिवसांत पट्टी सुटते. पट्टीवर चिखल बसला की ती मेली समजा, आठवड्याला पुसा. वर बॅटरीवर चालणारा एखादा लहान लाल दिवा लावला की झालं. रेडियम फक्त गाडीचा उजेड पडला तरच चमकतं. हेडलाइट बंद असलेल्या ट्रॅक्टरपुढं त्याचा उपयोग शून्य. म्हणून तो दिवा.

नवीन सायकलबरोबर मिळणारे रिफ्लेक्टर ‘दिसायला बरे नाहीत’ म्हणून काढून टाकणाऱ्यांना काय म्हणावं!

उसाच्या ट्रॉल्यांचं काय करायचं?

आपल्या भागातला हा मुख्य प्रश्न. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चच्या आसपासपर्यंत चालतो. म्हणजे दिवस लहान असण्याचे महिने आणि रस्ता उसानं भरण्याचे महिने तेच. कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा, कारखाना लागतोच.

ट्रॅक्टरमागं बहुधा दोन ट्रॉल्या असतात. अंधारात मागून बघताना आधी काही दिसतच नाही, मग एकदम दहा फुटांवर मोळ्यांची भिंत उभी राहते. मागं दिवा असला तरी लोंबणाऱ्या वाड्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, झाकलेला. बैलगाड्यांना तोही नसतो. त्यामुळे पुढचा रस्ता ‘मोकळा’ दिसतोय म्हणजे तो मोकळा आहे असं धरून चालू नका. काळोखाचा एखादा तुकडा जास्तच काळा वाटला तर वेग कमी करा.

ओव्हरटेक करायचं तर कधीही डाव्या बाजूनं नाही. कडेला बाहेर आलेली उसाची टोकं नेमकी तुमच्या तोंडाच्या उंचीवर असतात, आणि खड्डा चुकवताना मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा जास्त झोलते. उजवीकडून जाताना दोन ट्रॉल्यांमधल्या फटीत चुकूनही शिरू नका. दोन वेगळी वाहनं आहेत असं वाटून लोकांनी तसं केलेलं बघितलंय. घंटी वाजवून उपयोग नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर असतो आणि त्यात हलगी वाजत असते. त्याच्या आरशात आपण दिसतोय याची खात्री नसेल तर मागं राहा, पंचवीस-तीस मीटर अंतर ठेवून. चढाला ट्रॅक्टर तुमच्याहून हळू चालतो आणि कधी कधी मागं सरकतोही. तिथं तर बिलकूल चिकटू नका.

खालचा रस्ताही बघावा लागतो. फडातून बाहेर पडणाऱ्या चाकांबरोबर काळ्या मातीचे गोळे डांबरावर येतात. दुपारी ते दगडासारखे कडक होतात. पहाटे दव पडल्यावर मात्र त्यांच्यावर साबणासारखी बुळबुळीत साय धरते. वळणावर असा पट्टा दिसला तर सायकल सरळ ठेवून, ब्रेक न लावता पार करा आणि मग वळा. कारखान्याच्या फाट्यावर पडलेला चेचलेला ऊसही तसाच निसरडा. पाचटाची पाती मागच्या गिअरमध्ये गुंडाळली तर खटखट आवाज येतो. तसंच दामटू नका, उतरून काढा. गिअरचा हात वाकला तर दुरुस्ती त्या पातीपेक्षा बरीच महाग पडते.

दोष ड्रायव्हरांचा म्हणून सोडून देणं सोपं आहे. त्यातले बरेच जण रात्रंदिवस खेपा मारत असतात, कारखान्याच्या दारात तासन् तास रांगेत उभे राहून आलेले असतात. डोळ्यांवर झोप असलेला माणूस स्टिअरिंगवर आहे असं धरूनच सायकल चालवा.

कपडे काय घालावेत? स्वेटर चालेल का?

स्वेटर चहाच्या टपरीवर चालेल. सायकलवर दहा मिनिटांत घाम येतो, लोकर आणि सुती बनियन भिजतात आणि मग वारा लागला की हुडहुडी भरते. कोल्हापुरात थंडीतल्या पहाटे पारा साधारण १४-१५ अंशांवर असतो, गारठ्याच्या दिवसांत त्याच्याही खाली जातो, आणि दुपारी २८-२९ होतो. एवढ्या फरकाला एकच जाड कपडा कधीच पुरत नाही. आत घाम लवकर वाळणारा टी-शर्ट, वर पातळ विंडचीटर जो घडी करून खिशात जाईल. हातांना काढता येणाऱ्या बाह्या. बस्स.

घरातून निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर पुढच्या चौकात तुम्ही कपडे काढायला थांबणार.

बोटं, कान आणि गुडघे यांची वेगळी काळजी घ्या. पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे हवेत, कारण आखडलेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. हेल्मेटखाली जाड कानटोपी घालू नका. हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा सैल पडतो. पातळ स्कार्फ कानांवरून घेतला की पुरतो. संध्याकाळी पारदर्शक चष्मा लावा, उसाच्या पट्ट्यात चिलटं थेट डोळ्यांत जातात.

पन्हाळा चढताना घाम फुटतो आणि उतरताना दात वाजतात. काय करावं?

पन्हाळा शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच. एरवी तेवढ्या उंचीला अडीचेक अंशांचा फरक पडावा, पण थंडीत पहाटे गंमत होते: गार हवा खाली नदीकाठी साचलेली असते आणि वर गडावर त्यामानानं बरं वाटतं. म्हणजे हवेपेक्षा तुमचे ओले कपडे आणि उताराचा वारा जास्त छळतात.

चढताना विंडचीटरची चेन उघडी ठेवा, वर पोचण्याआधी शेवटचा किलोमीटर दमानं घ्या म्हणजे घाम कमी होईल. वर गेल्यावर आधी कोरडा टी-शर्ट बदला, चहा नंतर. बदली कपडा नसेल तर टपरीवरून एक जुना पेपर मागून घ्या आणि छातीवर, टी-शर्टच्या आत सरकवा. युरोपातले शर्यतवालेही घाटमाथ्यावर हेच करत आलेत, आणि याहून स्वस्त विंडचीटर नाही. उतरताना पाय अगदी थांबवू नका, अधूनमधून फिरवत राहा. सावलीतल्या वळणांवर पावसाळ्यातलं शेवाळ डिसेंबरपर्यंत टिकतं, आणि दवानं रिम ओली असेल तर पहिला ब्रेक उशिरा लागतो. वळणाच्या आधीच एकदा हलका दाबून रिम पुसून घ्या.

रात्री हवा भरली, सकाळी टायर मऊ. पंक्चर आहे का?

बहुतेक वेळा नाही. हवा गार झाली की दाब उतरतो. दुपारी ३० अंशांना ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर पहाटे १४ अंशांना ७५ च्या आसपास दाखवेल. ४० वाल्या जाड टायरात तीनेक पीएसआय कमी होतात. त्याहून जास्त उतरत असेल तर ट्यूब किंवा व्हॉल्व्ह बघा. पंप सकाळी निघताना मारा.

पावसाळ्यानंतर सायकलीला काय काय करून घ्यावं?

चेन पुसा, घासा, वाळवा, मग तेल. पावसाळ्यातलं चिकट तेल आता नको, कोरड्या दिवसांत ते धूळ धरतं आणि चेन कुरतडते. हलकं तेल थेंब थेंब टाकून वरचं पुसून घ्या. ब्रेकच्या रबरात रुतलेले वाळूचे कण टाचणीनं काढा. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही झोडपतो, म्हणून मडगार्ड लगेच काढायची घाई नको.

गुडघे धरतात. दमा किंवा बीपी असलेल्यांनी थंडीत सायकल चालवावी का?

गुडघे धरत असतील तर पहिली दहा-पंधरा मिनिटं हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा आणि गुडघे झाकून ठेवा. चढ आल्यावर जोर लावायचाच आहे, निघाल्या निघाल्या नको.

दम्याच्या माणसाला गार, कोरड्या हवेत जोर केल्यावर धाप लागू शकते. नाकावर पातळ कापड, हळू सुरुवात, आणि दम्याचा पंप (इनहेलर) खिशात. सॅडलबॅगच्या तळाशी नव्हे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं. त्यामुळे हृदयाचा त्रास असलेल्यांनी, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सायकल हातात घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारून आणि ऊन पडल्यावर निघावं. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, घाम आणि मळमळ असं काही झालं तर ‘पित्त असेल’ म्हणत घरी पायडल मारत येऊ नका. जागेवर थांबून मदत बोलवा.

तहानच लागत नाही. पाणी प्यायलाच हवं का?

हवं. थंडीत तहान कमी जाणवते, घाम वाऱ्यानं लगेच वाळतो म्हणून दिसत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट. खायला गूळ-शेंगदाणे खिशात ठेवा, या मोसमात ताजा गूळ सगळीकडं मिळतो. मिसळ आणि गंगावेशीतलं दूध फेरी संपल्यावर. कट लावून परतीचा चढ चढायचा बेत करणाऱ्यांचा अनुभव त्यांनाच विचारा.

पहाटे कुत्री मागं लागतात.

वेग वाढवला की ती आणखी पेटतात. हळू व्हा, उतरा, सायकल मध्ये धरून चालत निघा. चावा लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना काही लावू नका.

गगनबावडा किंवा राधानगरी या दिवसांत एका दिवसात होईल का?

दोन्ही बाजू जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास. अकरा तासांच्या दिवसात होतं, पण हिशेब उलटा मांडा: साडेपाचला शहराच्या हद्दीत परत, म्हणून साधारण बाराला तिकडून निघणं. बारा वाजले आणि अजून पोचला नसाल तर तिथूनच वळा. जंगलाच्या बाजूला, विशेषतः दाजीपूरकडच्या रस्त्यावर, संधिप्रकाशात गवे रस्त्यावर येतात. दिसला तर थांबा, दिवा त्याच्या डोळ्यांवर मारू नका, घंटी वाजवू नका, तो जाईपर्यंत वाट बघा. एक रस्ता ओलांडून गेला म्हणजे कळप संपला असं नाही.

कोजागरीला चांदण्यात सायकल काढायची आहे.

जरूर काढा, घोळक्यानं आणि दिवे लावून. चांदण्यात तुम्हाला रस्ता दिसतो, पण ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला मात्र पहाटे पंचगंगा घाटाकडं दीपोत्सवाची गर्दी असते. तिकडं सायकल घालायची झाली तर हातात धरून.

ही सगळी तयारी कधीपर्यंत ठेवायची?

विंडचीटर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. संध्याकाळ तोवर साडेसहाच्या पुढं सरकलेली असते, पण फेब्रुवारीअखेरही सूर्य सातला दहाएक मिनिटं कमी असतानाच उगवतो, त्यामुळे पहाटे निघणाऱ्यांना पुढचा दिवा मार्चमध्येही लागतो. मागचा लाल दिवा शेवटची ट्रॉली जाईपर्यंत तरी काढू नका. तुमच्या रस्त्यावरच्या कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे हंगाम कधी संपणार, ते गावातल्या कुणालाही विचारा, तारखेसकट सांगतील.